शैलानं सरळ न केलेला हात

फोन आला तेव्हा मी शैलावरच चिडले होते. एका लोणच्याचं लेबल छपाईला जायचं होतं, छापखान्याचा माणूस दारात येऊन बसला होता आणि बाईसाहेबांचा पत्ता नव्हता. आल्या आल्या तिला काय काय सुनवायचं ते मी मनात रचून ठेवलं होतं. फोन अरविंदचा होता, तिच्या नवऱ्याचा. मी त्याला बोलूच दिलं नाही. "आधी तिला रिक्षात घाल आणि इकडे पाठव," म्हटलं. तो म्हणाला, "वृंदाताई, शैला गेली." मी विचारलं, "कुठे?"... खरंच विचारलं. त्याला उत्तर द्यावं लागलं.

सकाळी उठली, चहाचं आधण ठेवलं, डोकं दुखतंय म्हणाली आणि ओट्यापाशीच खाली बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी पिवळ्या रंगावरून कडाकडा भांडलो होतो, आणि जाताना ती दारातून म्हणाली होती, "उद्या बघते तुझ्याकडे." हे असं कुणी जातं का? महिना होत आला, मी अजून हाच प्रश्न विचारतेय, आणि ज्याला त्याला विचारतेय. भाजीवालीलासुद्धा विचारून झालं.

इंदिरानगरला तिच्या घरी पोचले तेव्हा अंगणात माणसं उभी होती. बायकांनी वाट करून दिली. आत सतरंजीवर कुणी तरी बाई निजवलेली होती. हिरवी साडी, मनगटापासून वर हिरव्या बांगड्या, कपाळभर मळवट, तेल लावून चापून बसवलेले केस, त्यात गजरा. शेजारच्या एक आजीबाई पुटपुटत होत्या, "भाग्याची गं बाई, भरल्या कपाळानं गेली." मी इकडेतिकडे पाहिलं. शैला कुठे आहे, असं विचारणारच होते. आमच्या शैलानं आयुष्यात बांगड्या घातल्या नव्हत्या, कारण ओल्या शाईवरून त्या घासत जातात. कुंकवानं तिला पुरळ उठायचं. तिच्या केसांना तेल लावायचं धाडस तिच्या आईलाही झालं नव्हतं. त्या बायकांनी मायेनंच केलं होतं सगळं, सवाष्णीला जसं पाठवायचं तसं तिला सजवलं होतं. पण मला ती बाई ओळखू येईना. म्हणून मी रडले नाही. अनोळखी माणसासाठी किती रडणार? लेक पुण्याहून निघाली होती, तिची वाट पाहायची होती. मी भिंतीला टेकून बसले, आणि मला राहून राहून जानकीचा हात आठवायला लागला.

जानकीबद्दल सांगायचं तर आधी आमच्या धंद्याबद्दल सांगायला हवं. नव्वदीच्या सुरुवातीला मी आणि शैला एकाच जाहिरात एजन्सीत नोकरीला होतो. ती चित्रं काढायची, मी मजकूर लिहायचे. मालकाशी दोघींचंही पटेना, तेव्हा आम्ही नाशकातच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि दारावर पाटी लावली. गिऱ्हाइकं कसली, तर हळद-मसालेवाले, मिठाईवाले, सातपूरचे छोटे कारखानदार. शैलाची एक खोड होती. डोक्यातून चित्र काढायची नाही. जे काढायचं ते आधी जाऊन बघायची, आणि मग जसं दिसलं तसंच काढायची. मिठाईच्या खोक्यासाठी पेढा काढायला सांगितला, तर ही दोन दिवस भट्टीपाशी बसून आली, आणि पेढ्यावर हलवायाच्या अंगठ्याचा खळगा काढून ठेवला. दुकानदार म्हणाला, "बाई, हा चेपलेला पेढा कशाला?" शैला म्हणाली, "तुमचा पेढा असाच असतो. न चेपलेला तुमच्या समोरच्या दुकानात मिळतो." त्यानं खोका तसाच छापला. नेहमी असं चालायचं नाही. पुष्कळदा गिऱ्हाईक उठून जायचं, आणि मग मी तिच्यावर तोंडसुख घ्यायचे. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच करायची. कुत्र्याचं शेपूट, दुसरं काय.

पुढे दोन हजारच्या आसपास नाशकात एक आंतरराष्ट्रीय महिला फुटबॉल स्पर्धा भरवायचं ठरलं. शेजारच्या देशांचे संघ येणार होते, आणि यजमान म्हणून आपला राज्याचा संघ. गावात फुटबॉल कोण बघतं इथपासून शंका होती, पण संयोजन समिती हौशी होती. बोधचिन्ह, रंग, फलक, तिकिटं, मैदानाची कमान, खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे, असं सगळं दिसणं एकाच हातचं असावं म्हणून काम आमच्याकडे आलं. एवढं मोठं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळत होतं. मी तर मनात पेढे वाटून मोकळी झाले.

पहिल्याच बैठकीत समितीनं आपल्या कल्पना मांडल्या. नाशिक म्हणजे द्राक्षं, तेव्हा द्राक्षाचा घड फुटबॉलला लाथ मारतोय असं काही तरी. घडाला दोन वेण्या घातल्या की तो महिला घड होईल. रंग अर्थातच गुलाबी. शैला गंभीरपणे ऐकत होती. मी टेबलाखालून तिचा पाय दाबून धरला होता, कारण ती आता काय बोलेल याची मला धास्ती होती. सचिव भला माणूस होता, निवृत्त अधिकारी, हौसेनं पदरमोड करणारा. तो म्हणाला, "मॅडम, घड नको तर नको. पण खेळणारी बाई आहे हे लांबून कळलं पाहिजे. केस मोकळे, एखादी टिकली..." शैला म्हणाली, "मी आधी त्या कशा खेळतात ते बघते."

आणि बघायला गेली. रोज सकाळी. आपल्या संघाचा सराव चालायचा त्या मैदानाच्या कडेला मांडी घालून बसायची. एक-दोनदा मीही गेले. मला दिसल्या धावणाऱ्या मुली. तिला भलतंच दिसलं. "वृंदे, नीट बघ," ती म्हणाली, "पडली की उठताना पहिलं काय करतेय?" मी बघितलं. मुलगी पडायची, उठायची आणि चेंडूकडे बघायच्या आधी हात मागे नेऊन शर्ट खाली ओढायची. दुसरीही तेच. तिसरीही. चेंडू पुढे निघून जायचा, हात शर्टावर. "लहानपणापासून सांगितलंय ना, नीट बस, नीट झाक," शैला म्हणाली. "तो हात त्यांचा राहिलेलाच नाही." मला त्या दिवसापर्यंत हे कधी दिसलं नव्हतं, आणि त्या दिवसानंतर मी स्वतःला कितीदा तरी तेच करताना पकडलंय.

शर्ट न ओढणारी एकच मुलगी होती. जानकी. हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, घरी भात आणि नागलीची शेती. आश्रमशाळेत असताना अनवाणी खेळायला लागली आणि खेळत खेळत राज्याच्या संघात पोचली. लहानपणी जांभळावरून पडून तिचा डावा हात कोपरात मोडला होता. गावातल्या वैदूनं बांधला तो वाकडाच बसला, कधी सरळ झाला नाही. तो मागे पोचतच नव्हता, आणि उजवा उठताना जमिनीवर टेकलेला असायचा. म्हणून ती पडली की नुसती उठायची आणि पळायची. चेंडू मारताना तो वाकडा हात खांद्याच्या वर उचलला जायचा आणि सगळं अंग त्याच्यावर तोललं जायचं. शैलानं तिचे फोटो काढले, फोटोंवर ट्रेसिंगचा कागद ठेवून रेषा काढल्या, आणि रेषा कमी करत करत चार-पाच वळणांत ती मुलगी उभी केली. वेणी नाही, टिकली नाही, चेहरासुद्धा नाही. उचललेला पाय, मागे झुकलेलं अंग आणि तो कोपरात दुमडलेला हात. मजकूर लिहिणाऱ्या बाईला म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शैला ते चित्र घेऊन जानकीला विचारायला गेली. तुझं चित्र सगळ्या गावात लागेल, चालेल का? जानकीनं कागद हातात घेतला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बाई, हात तसाच ठेवशीला ना?" शैला म्हणाली, "ठेवीन की. का गं?" तेव्हा तिनं सांगितलं. तिला बघायला दोनदा पाहुणे येऊन गेले होते. दोन्ही वेळा आईनं तिला हात पदराखाली धरायला सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा तो दिसला तो दिसलाच. "माजा बापू स्पर्धेला येनार हाय," ती म्हणाली, "तेला वाटतं हात वाकडा म्हनून पोर वाया गेली. तेनं बघू दे ना एकदा." शैलानं तिला शब्द दिला. माझ्यासमोर दिला. हात आहे तसाच राहील.

समितीशी वादावादी झाली. हा पुरुष वाटतो, इथपासून ते हात काढताना चुकलाय, इथपर्यंत. शैला त्यांना सगळ्यांना सरावाला घेऊन गेली आणि म्हणाली, "यांत मोकळ्या केसांची शोधून दाखवा." सगळ्यांचे केस कापडाच्या पट्टीनं करकचून बांधलेले. सचिवांनी थोडा वेळ बघितलं, मग जानकीनं चेंडू मारला तोही बघितला. दुसऱ्या दिवशी होकार आला. वेळ कमी उरला होता हेही खरं. मैदानातलं गवत वाळलेलं असणार म्हणून शैलानं गडद निळा आणि हळदीचा पिवळा असे दोन रंग धरले. बॅनर झाले, तिकिटं झाली, रिक्षांच्या पाठीवर रेडियमचे स्टिकर लागले. राहिली होती मैदानाची कमान. तिच्यावर दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढी जानकी पत्र्यात कापून बसवायची होती.

ते काम सातपूरच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दिलं होतं. तिथले फोरमन युसूफभाई म्हणजे हाताला यश असलेला माणूस. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी टेम्पो मैदानावर आला. ताडपत्री काढली आणि मी पुढे झाले. पत्रा सुरेख कापलेला होता, कडा घासून गुळगुळीत, रंगही चोख. आणि डावा हात सरळ होता. अगदी उजव्यासारखा. युसूफभाई खुशीत होते. म्हणाले, "मॅडम, ड्रॉइंगमध्ये एक मिस्टेक होती. दोन हात सारखे नव्हते. आम्ही सुधारून घेतलं." त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? त्या शेडमध्ये जन्मभर डाव्या-उजव्या जोडीचे भाग बनत आले. जोडी जुळली नाही की माल परत येतो. आम्ही खराब काम देऊन गेलो आणि त्यांनी आमची लाज राखली, अशीच त्यांची समजूत होती.

शैला तिथेच मातीत खाली बसली. ओरडेल असं मला वाटलं होतं. तिला तसं बसलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. तेवढ्यात सराव संपवून मुली आल्या. सगळ्या पत्र्याभोवती गोळा झाल्या, हसल्या, हात लावून बघायला लागल्या. जानकी मागे उभी होती. तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं. "ही मी नाय," ती म्हणाली. रागानं नाही, रडून नाही, कुणी आपली पिशवी समजून भलतीच हातात दिली तर आपण सांगू तशी. आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागली.

सचिव म्हणत होते, उद्या सकाळी मंत्री येणार आहेत, आता राहू द्या, कुणाला कळतंय. मीसुद्धा तेच म्हणत होते, खोटं कशाला बोलू. शैला उठली, पत्रा पुन्हा टेम्पोत चढवला आणि जानकीला म्हणाली, "चल माझ्याबरोबर." मी मागून गेले, कारण या दोघींना सोडून मी मैदानावर काय करणार होते? शेडमध्ये युसूफभाई वैतागले. "मॅडम, चांगला हात कापून वाकडा लावू? लोक मला हसतील." शैलानं त्यांना काहीच समजावलं नाही. ती जानकीला म्हणाली, "चेंडू मारताना धरतेस तसा धर हात." जानकीनं हात वर केला. सरळ होत नव्हता तो, जेवढा जात होता तेवढाच गेला. शेडमधली माणसं काम थांबवून बघत होती. आणि पदराखाली धरायला शिकवलेली ती मुलगी तो हात वर धरून उभी होती, तशीच, खाली न घेता. युसूफभाईंनी मान खाली घातली. मग त्यांनी खडू मागवला, पत्रा भिंतीला उभा केला आणि म्हणाले, "बेटी, जरा इधर आ. तुझा कोन घेऊ दे मला." संध्याकाळच्या पाळीची माणसं यायच्या आत हात कापून, वळवून, वेल्डिंग करून झाला होता. सांधा मात्र वरून दिसत राहिला. तो घासून देतो म्हणाले, तर शैला म्हणाली, "राहू द्या, आता वेळ नाही."

दुसऱ्या दिवशी जानकीचे वडील आले, टोपी, धोतर, खांद्यावर घोंगडी. कमानीखाली थांबले. लोक त्यांना वळसा घालून आत जात होते. मी जवळच होते. त्यांनी बराच वेळ मान वर करून बघितलं आणि शेजारून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाची बाही धरून म्हणाले, "आमची पोर हाय ती." माणूस गडबडीत होता, हो हो म्हणून निघून गेला. त्यांनी दुसऱ्याला धरलं. तिसऱ्यालाही. सामना सुरू झाला तरी ते कमानीपाशीच होते. आपला संघ सपाटून हरला, हेही सांगून टाकते. शैलाला त्याचं काही नव्हतं. ती कमानीच्या दुसऱ्या खांबाला टेकून त्या म्हाताऱ्याकडे बघत होती आणि गालातल्या गालात हसत होती. तिचं तेवढं एक हसणं मला हवं आहे आत्ता. बाकीचं सगळं कुणीही घेऊन जावं.

स्पर्धा पुन्हा कधी भरली नाही. आम्ही पुन्हा लोणची आणि मसाल्यांकडे वळलो. जानकीनं पुढे शिक्षण पूर्ण केलं आणि हरसूलकडच्याच एका आश्रमशाळेत खेळाची बाई म्हणून लागली. दिवाळीला तांदूळ घेऊन यायची, शैलाच्या टेबलाशी बसून तास तास गप्पा मारायची. माझ्याशी जरा जपून बोलायची, मी तिला खडूस वाटत असणार. मी आहेच.

तर त्या दिवशी मी भिंतीला टेकून बसले होते. लेक आली. तिला आईजवळ नेलं, आणि तीही क्षणभर गोंधळून उभी राहिली, मला दिसलं ते. मग रडायला लागली. गुरुजी घाई करत होते. बाहेर तिरडी तयार होती. अरविंद कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता, त्याच्याकडे बघवत नव्हतं. उचलणार एवढ्यात दारात गलका झाला आणि जानकी आत आली. शाळेत फोन गेला होता, मिळेल त्या गाडीनं ती आली होती, साडीवर सगळी धूळ. ती शैलाजवळ गेली, वाकली, बघितलं आणि वळून सगळ्यांना विचारलं, "बाईंचा चष्मा कुठं हाय?"

एवढं सगळं मी लिहिलं, आणि तिच्या चष्म्याबद्दल एक शब्द लिहिला नाही. कारण मला तो कधी वेगळा दिसलाच नव्हता. शाळेपासून जाड भिंगाचा चष्मा होता तिला, झोपताना तेवढा काढायची. सकाळपासून मी त्या सतरंजीकडे बघून काय चुकलंय, काय चुकलंय म्हणून डोकं फोडून घेत होते, आणि ते मला सांगता येत नव्हतं.

आजीबाई म्हणाल्या, "अगं, आता कशाला चष्मा? साजशृंगार झालाय सगळा." जानकी म्हणाली, "बाईंना चष्म्याबगर काय दिसत नाय." अरविंद उठला. स्वयंपाकघरात गेला, ओट्यावर, चहाच्या पातेल्याशेजारी, डोकं दुखायला लागलं तेव्हा तिनं काढून ठेवलेला चष्मा तसाच पडला होता. त्याला तो उघडता येईना. जानकीनं तो घेतला, पदरानं काचा पुसल्या, गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी, उजवा सरळ आणि डावा जेवढा जातो तेवढा, शैलाच्या डोळ्यांवर बसवला. एक काडी गजऱ्यात अडकत होती, ती सोडवून कानामागे नीट केली.

मी बघितलं. ती शैला होती. सकाळपासून तिथे शैलाच होती... आणि मग मी ओरडले.